ओळखीची सही: सिडकोतील रुग्णसाहित्य केंद्राचा अनुभव

नवीन नाशिक, म्हणजे आपण सगळे ज्याला सिडको म्हणतो, त्या भागात त्रिमूर्ती चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एका ज्येष्ठ नागरिक संघाचे रुग्णसाहित्य केंद्र आहे. विरंगुळा केंद्राच्या मागे पत्र्याची शेड वाढवून केलेल्या खोलीत डोक्याकडची बाजू वर-खाली करता येणाऱ्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या, सलाईनचे स्टँड आणि प्राणवायू देणारी दोन यंत्रे ठेवलेली असतात. ज्याच्या घरी आजारपण आले आहे त्याला ती अनामत घेऊन वापरायला दिली जातात. माझ्या सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही या केंद्राचे साहित्य बरेच महिने वापरले आणि त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. केंद्र चांगले आहे, हे सुरुवातीलाच सांगते. पण ते कशामुळे चांगले आहे आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे नीट मांडल्याशिवाय नुसत्या शिफारशीला अर्थ नाही.

साहित्य मिळण्याची पद्धत साधी आहे. आधारकार्डाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी किंवा रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद आणि संघाच्या एका सभासदाची ओळखीची सही, एवढे लागते. वॉकरला पाचशे, चाकाच्या खुर्चीला दीड हजार आणि खाटेला तीन हजार रुपये अनामत घेतात व साहित्य परत केल्यावर ती पूर्ण मिळते. देखभालीसाठी महिन्याला जी रक्कम द्यावी लागते ती अगदी नाममात्र आहे. रुग्णालयांच्या आसपास भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानांच्या दराशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. प्रत्येक रुपयाची छापील पावती मिळते.

आम्ही खाट आणि चाकाची खुर्ची घ्यायला गेलो, तेव्हा तेथे बसणाऱ्या काकांनी पैसे घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमच्या संडासाचं दार किती रुंद आहे?” आम्हाला उत्तर देता येईना. ते म्हणाले, “आधी घरी जाऊन मोजून या. आपल्या सिडकोच्या योजनेतल्या घरांची दारं अरुंद आहेत, खुर्ची आत जात नाही, मग लोक रुग्णाला उचलून नेतात आणि दोघंही पडतात.” साधी चाकाची खुर्ची २५ ते २६ इंच रुंद असते आणि आमचे दार त्याहून कमी भरले. मग काकांनी चाकाच्या खुर्चीऐवजी वॉकर आणि पलंगाजवळ ठेवता येणारी कमोड खुर्ची दिली, त्यामुळे अनामतही कमी लागली. वॉकरची उंची त्यांनी सासूबाईंच्या मनगटाच्या मापावरून ठरवली. हात सैल सोडून उभे राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी आणि ती धरल्यावर कोपर थोडे वाकलेले राहायला हवे, हे त्यांनी स्वतः उभे राहून दाखवले. हे काका अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. पायांखालचे झिजलेले रबर त्यांनी तिथल्या तिथे बदलले, कारण गुळगुळीत फरशीवर त्या रबरावरच सगळे अवलंबून असते. दुकानदाराने आम्हाला खुर्चीच दिली असती आणि त्यात त्याची काही चूकही म्हणता आली नसती, कारण आम्ही खुर्चीच मागितली होती.

केंद्राचा सगळा कारभार जाड पुठ्ठ्याच्या एका लांब नोंदवहीवर चालतो. तारीख, वस्तूचा क्रमांक, रुग्णाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, फोन, ओळख देणाऱ्याची सही, अनामत, परतीची तारीख असे रकाने आहेत आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. ‘डावा ब्रेक ढिला, दुरुस्त केला’, ‘हँडल कडक फिरते, तेल दिले’, ‘गादीचे दोन कप्पे फुगत नाहीत’ अशा नोंदी त्यात दिसतात. मधूनच एखादी ओळ येते: ‘रुग्ण निवर्तले. साहित्य धुऊन परत.’ सही करण्यासाठी वही माझ्यापुढे आली, तेव्हा उघड्या पानावरच अशा दोन-तीन नोंदी होत्या. घरात दुःख असताना, दहावे-तेरावे चालू असताना, कोणी मागायला न जाता ती खाट धुऊन, पुसून, टेम्पोत घालून परत येते आणि पुढच्या रुग्णाच्या घरी जाते. खाट बुडवणारा माणूस आजवर भेटलेला नाही, उशीर करणारे मात्र पुष्कळ भेटतात, असे काकांनी सांगितले. उशीर का होतो, तेही त्यांना ठाऊक आहे: माणूस गेल्यानंतर त्याची खाट घराबाहेर काढायला घरच्यांचा हात धजत नाही. म्हणून ते पहिला महिनाभर फोन करत नाहीत आणि त्या महिन्याचे देखभालीचे पैसेही लावत नाहीत. हा नियम कोठेही लिहिलेला नाही.

बऱ्याच खाटांच्या पायथ्याशी आणि खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने ‘कै.’ने सुरू होणारी नावे लिहिलेली आहेत. ज्या कुटुंबाने एके काळी साहित्य नेले, त्यातील काहींनी पुढे आपल्या माणसाच्या स्मरणार्थ तसलेच साहित्य विकत घेऊन दिले. संघ धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असल्यामुळे हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे त्याला बंधनकारक आहेच. परंतु येथे तपासलेला हिशेब विरंगुळा केंद्राच्या फलकावर वर्षभर लावून ठेवतात आणि त्यात कोणत्या देणगीतून कोणती वस्तू घेतली हे वाचता येते. आपण दिलेल्या पैशाची खाट झालेली डोळ्यांनी दिसते, म्हणून देणारा पुन्हा देतो. विश्वास असेल तर नोंदी कशाला, असे म्हणणारी माणसे मी इतर संस्थांत पाहिली आहेत. अशा संस्थांचे पुढे काय होते हे ठेवी अडकलेल्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे. येथे नोंद चोख आहे म्हणून कोणाला कोणावर संशय घेण्याची वेळ येत नाही.

हे कसे जमले, याचा विचार करताना मला या वसाहतीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढत गेल्या तशा सिडको महामंडळाने येथे एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. त्यांत राहायला आलेली माणसे कोणी खानदेशातून, कोणी कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातून, कोणी निफाड-येवल्याकडून, तर कोणी मराठवाड्यातून आलेली होती. पंचवटीत किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत जशी तीन-तीन पिढ्यांची ओळख असते, तशी येथे कोणाचीच कोणाशी नव्हती. जवळ भाऊबंद नव्हते, गावकी नव्हती. एकाच पाळीला जाणारी माणसे, कंपनीच्या एकाच बसची वाट पाहणारी माणसे, पाण्यासाठी एकाच वेळी उठणाऱ्या बायका, अशी ओळख वाढत गेली आणि तिची पहिली कसोटी बहुतेक गल्ल्यांमध्ये भिशीने पाहिली. दर महिन्याला ठरलेली रक्कम सगळ्यांनी टाकायची आणि चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची, या व्यवहारात पहिल्याच महिन्यात पैसे उचललेला माणूस शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता भरत राहील, याची हमी एका शब्दापलीकडे कशाचीच नसते. शेजारणींनी असे हप्ते वर्षानुवर्षे भरले. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाच्या कारखान्यात टाळेबंदी, तेव्हा चिठ्ठी बाजूला ठेवून गरजवंताला रक्कम आधी दिली. आज हीच माणसे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत आणि केंद्रातील खाट एका घरातून दुसऱ्या घरी जाते तेव्हा तीच जुनी सवय कामाला येते.

केंद्राच्या कामाचा जो भाग कोणत्याही दरपत्रकात येणार नाही, तो म्हणजे फोन. साहित्य नेल्यानंतर आठवड्यातून एकदा तेथील एक काकू प्रत्येक घरी फोन करतात. पहिल्यांदा मला वाटले की खाट सुस्थितीत आहे ना, हे पाहण्यासाठी असेल. परंतु खाटेविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. “आजी कशा आहेत?” एवढे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, “आणि तुमची झोप होते का?” मी त्या वेळी रात्री दर दोन तासांनी उठत होते आणि हा प्रश्न मला त्याआधी घरातल्यासुद्धा कोणी विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या गल्लीतील एका निवृत्त परिचारिकेला दुपारी तासभर बसायला पाठवले. त्या बाईंनी आम्हाला रुग्णाला चादरीच्या साहाय्याने कुशीवर कसे वळवायचे ते शिकवले, म्हणजे माझ्या कंबरेवर भार येणार नाही आणि सासूबाईंच्या टाक्यांनाही ताण बसणार नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या पायावर दुसरा पाय आडवा पडू नये म्हणून गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, हेही त्यांनीच सांगितले.

कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ मध्ये सुमारे सात हजार प्रौढांची पाहणी सुरू झाली होती. नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्यांचे नातलग, मित्र आणि संस्थांशी असलेले संबंध तुटपुंजे होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते; धूम्रपान, व्यायाम यांसारख्या सवयी हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. सोबत नसणे हीसुद्धा प्रकृतीची हानीच आहे, हे त्या पाहणीने आकड्यांत मांडले. आपल्याकडे रुग्णाभोवती माणसे जमतात, पण रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीभोवती फारसे कोणी जमत नाही, आणि ती व्यक्ती बहुधा घरातील सून, मुलगी किंवा पत्नी असते. या केंद्राने तिच्याकडेही लक्ष दिले, म्हणून मी त्याला इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक गुण देते.

हवेच्या गादीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ही गादी लहान पंपावर चालते. तिचे कप्पे आलटून-पालटून फुगतात आणि रिकामे होतात, त्यामुळे माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी एकाच जागी सतत दाब राहत नाही आणि जखमा होण्याचा धोका कमी होतो. परंतु गादी आहे म्हणून रुग्णाला कूस बदलून द्यायची नाही, असे चालत नाही. केंद्रात गादी देताना हे तीन वेळा सांगतात आणि गादीवर जाड रजई किंवा प्लास्टिक अंथरू नका, असेही बजावतात. मात्र येथील काही गाद्या जुन्या झाल्या आहेत. आमच्या पहिल्या गादीच्या पंपाचा आवाज इतका येत असे की सासूबाईंना झोप लागेना. तक्रार केल्यावर बदलून मिळाली, पण ती बदलून आणण्याची खटपट आम्हालाच करावी लागली. गाद्या आणि पंप यांवर संघाने प्राधान्याने खर्च करावा, अशी माझी सूचना आहे, कारण खाट जुनी असली तरी काम देते, गळकी गादी मात्र रुग्णाला इजा करू शकते.

प्राणवायूची यंत्रे देताना केंद्र अतिशय कडक वागते आणि ते योग्यच आहे. हे यंत्र खोलीतील हवा ओढून घेऊन तिच्यातील नायट्रोजन आतल्या झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या कणांत अडकवते आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू नळीतून सोडते. २०२१ च्या एप्रिल महिन्यात या शहराने प्राणवायूसाठी जे सोसले, ते येथे कोणीही विसरलेले नाही. त्यामुळे घरात असे यंत्र असावे, असे अनेकांना उगीचच वाटते. केंद्र मात्र मिनिटाला किती लिटर द्यायचे हे लिहिलेली डॉक्टरांची ताजी चिठ्ठी असल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाही. संघाच्या एका जुन्या पदाधिकाऱ्यालाही चिठ्ठी आणायला परत पाठवल्याचे मी पाहिले. वीज गेली तर यंत्र बंद पडते, म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवण्याची व्यवस्था आहे का, हेही ते विचारतात.

आता मला खटकलेल्या गोष्टीकडे येते आणि ती किरकोळ नाही. साहित्यासाठी संघाच्या सभासदाची ओळखीची सही लागते. आम्ही येथे जुने राहणारे असल्यामुळे ती आम्हाला गल्लीतच मिळाली. एका संध्याकाळी मी पावती घ्यायला गेले असताना उत्तर प्रदेशातून आलेला, अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारा तरुण बायकोसाठी वॉकर मागायला आला होता. पायाला प्लास्टर घातल्याचा रुग्णालयाचा कागद, आधारकार्ड आणि अनामतीचे पैसे, सगळे त्याच्याजवळ होते. फक्त सही नव्हती, कारण तो ज्या खोलीत भाड्याने राहत होता तिचा मालक गंगापूर रोडला राहतो आणि शेजारीपाजारी सगळे त्याच्यासारखेच नवे. अर्धा तास फोनाफोनी झाली. शेवटी काकांनी रकान्यात स्वतःचीच सही केली आणि वॉकर दिला. काकांच्या मोठेपणाबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या जागी त्या दिवशी दुसरे कोणी बसलेले असते, तर तो तरुण रिकाम्या हाताने परत गेला असता आणि नोंदवहीत त्याची नोंदही राहिली नसती. कोण परत गेले, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

१९८१ पासून अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात एक ठरलेला प्रश्न असतो: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार सावध राहावे लागते? पुढच्या फेऱ्यांमध्ये तो अधिक बारकाईने विचारला जाऊ लागला: कुटुंबावर किती, शेजाऱ्यांवर किती, ओळखीच्या माणसांवर किती आणि प्रथमच भेटलेल्या माणसावर किती? आमच्या वसाहतीला पहिल्या तिन्हींत पैकीच्या पैकी गुण मिळतील. चौथ्या प्रश्नावर आम्ही अडखळतो. ज्यांना आज आम्ही सही मागतो, ते आज जसे आहेत तसेच आमचे सासू-सासरे येथे आले तेव्हा होते, म्हणजे परगावचे, पाळीत काम करणारे आणि कोणाच्याही ओळखीचे नसलेले. त्या वेळी भिशीत घेताना त्यांना कोणी तिसऱ्याची सही मागितली नव्हती.

संघापुढे मी लेखी सूचना ठेवली आहे आणि येथेही मांडते. वॉकर, काठी, कमोड खुर्ची अशा हलक्या वस्तूंना सहीची अट नसावी. अनामत आणि रुग्णालयाचा कागद पुरेसा समजावा. खाट, गादी आणि प्राणवायूचे यंत्र यांसाठी हमी हवीच असेल, तर सभासदाच्या सहीऐवजी घरमालक, कंपनीचा पर्यवेक्षक, भागातील डॉक्टर किंवा आशा सेविका यांच्यापैकी कोणाचीही सही चालावी. दारावरची पाटी फक्त मराठीत आहे, तिच्याखाली हिंदीत दोन ओळी लिहाव्यात. वस्तू बुडण्याची भीती काही सभासदांनी बोलून दाखवली. ती मला पटत नाही, कारण संघाची स्वतःची वहीच तिच्या विरुद्ध साक्ष देते. एखादा वॉकर गेलाच, तर त्याची किंमत अनामतीतून बरीचशी भरून निघते.

दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. केंद्र चालवणारी सगळी मंडळी स्वतःच वयस्कर आहेत आणि लोखंडी खाट उचलण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही, त्यांनी ते करूही नये. आमची खाट दुसऱ्या मजल्यावर चढवली ती गल्लीतील गणेश मंडळाच्या मुलांनी, तीही काकूंच्या एका फोनवर. पण ही व्यवस्था तोंडी आहे; सगळी मुले नोकरीवर असली, की खाट दोन-दोन दिवस खालीच पडून राहते. भाड्याची दुकाने याबाबतीत उजवी आहेत: साहित्य नवे असते, माणसे घरी येऊन जोडून देतात आणि रात्री फोन केला तरी सकाळी वस्तू दारात असते. ज्यांना रुग्णाला तातडीने घरी आणायचे आहे आणि खर्चाची अडचण नाही, त्यांनी पहिला आठवडा दुकानातून साहित्य घ्यावे आणि मग केंद्राकडे वळावे. भाड्याच्या दुकानात अनामत परत घेताना मात्र वस्तूची आधी काढलेली छायाचित्रे जवळ असू द्या. जुन्या ओरखड्यापोटी आमच्या नात्यातल्यांचे पैसे एका ठिकाणी कापले गेले होते.

केंद्र सकाळी दहा ते बारा आणि सायंकाळी पाच ते सात उघडे असते, रविवारी बंद असते. जाण्यापूर्वी संडास-बाथरूमच्या दारांची रुंदी, जिन्याच्या वळणाची जागा आणि रुग्ण झोपणार त्या खोलीतील विजेच्या बटणांची जागा पाहून ठेवावी. खाट न्यायची असेल तर छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, आपला आपण ठरवावा लागतो. खाटेचे डोक्याकडचे आणि पायाकडचे भाग सुटे करता येतात, हे चालकाला आधी सांगितले तर तो मोठी गाडी आणत नाही. जन आरोग्य योजनेची कागदपत्रे कोणती लागतात, हे विचारायचे असेल तर सायंकाळच्या वेळी जावे, कारण ती माहिती असलेले गृहस्थ तेव्हाच असतात. अनामतीची पावती जपून ठेवावी. ती हरवली तरी वहीतील सही जुळवून पैसे मिळतात, पण त्यासाठी खजिनदार हजर असावे लागतात आणि ते फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येतात.